बेताचं गोड

आत्यानं आधी खाल्लं नाही. बोट लावून पाहिलं.

काळ्या दगडी बशीत तो पांढरा गोळा बसला होता, मोठ्या लिंबाएवढा, वर पिठी भुरभुरलेली. तिनं अनामिकेनं त्याला हलकेच दाबलं. खळगा पडला आणि बोट उचलल्यावर सावकाश भरून आला. मग बोटाला लागलेली पिठी अंगठ्यावर चोळत ती म्हणाली, "उकड छान मळलीय गो. पण तुपाचा हात नाही लावलेला. नुसत्या पिठीवर निभावलंय."

मी 20 वर्षं जपानी बोलते आहे. पोटापाण्यासाठी बोलते आणि आवडीनंही. मोची, म्हणजे चिकट तांदळाचा मऊ जपानी गोळा, किती ठिकाणी आणि किती तऱ्हांची खाल्ली याची मोजदाद नाही. पण मोचीला कुणी 'उकड' म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आषाढातली संध्याकाळ होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परतताना पावसानं गाठलं आणि आम्ही दोघी कर्वे रस्त्यामागच्या एका गल्लीत शिरलो. पूर्वी तिथं झेरॉक्सचं दुकान होतं. आता दारावर मधोमध चिरलेला निळा कापडी पडदा होता. जपानीत त्याला नोरेन म्हणतात. तो बाजूला सारून वाकून आत जायचं असतं. आत दहाबारा माणसं टेकतील एवढीच जागा, काउंटरमागं काच आणि काचेपलीकडं उघडं स्वयंपाकघर. दुकान सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. रोज येता-जाता मला ते दिसायचं, पण माझं पाऊल आत पडत नव्हतं. नावापुरतं जपानी असलेल्या जागा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तिथून बाहेर पडताना मला उगाचच वाईट वाटत राहतं, आपल्या माणसाबद्दल कुणी खोटंच काही सांगावं तसं.

पुण्यात असं दुकान निघावं यात मात्र नवल नाही. चाकण-रांजणगावला जपानी कारखाने आले त्याच्या कितीतरी आधीपासून या शहरात जपानी शिकणाऱ्यांचे वर्ग भरत आले आहेत. सिंहगड रस्त्यावर ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून बेतलेली बाग आहे. पु. ल. देशपांड्यांचं नाव असलेल्या त्या बागेत सकाळी फिरणारे निम्मे लोक तिला 'ओकायामा'च म्हणतात. माझं कामही याच नात्यातून आलेलं. कारखान्यात दुभाषी म्हणून उभं राहायचं आणि दिवसभर मापं, दोष, मुदती इकडून तिकडं पोचवायच्या.

दुकानात शिरताच माझी नजर गेली ती फळ्यावर. पदार्थांच्या यादीखाली खडूनं जपानी अक्षरांत एक ओळ लिहिली होती: 'अमासा हिकाएमे'. जपानात मिठाईच्या खोक्यावर हे शब्द पावलोपावली दिसतात. अमासा म्हणजे गोडवा. हिकाएमे म्हणजे आवरून धरलेला, जरा मागं घेतलेला. तिथं हे कौतुकाचं बोलणं. गोड खाऊन झाल्यावर 'फार गोड नाही हं' असं कुणी म्हटलं, तर करणाऱ्याचा चेहरा उजळतो.

हे शब्द मराठीत आणताना मी दरवेळी अडखळत आले. पाहुणे कंपनीत खाऊचे खोके आणतात, सगळे भोवती जमतात आणि कुणीतरी मला विचारतं, काय लिहिलंय? मी सांगायची, 'कमी गोड'. ऐकणाऱ्याचा उत्साह तिथंच ओसरायचा. आपल्याकडं 'कमी' म्हणजे उणं. मीठ कमी पडलं, पाहुणचारात कमी झालं. अगोड म्हणावं तर ती नावं ठेवण्याची तऱ्हा, सपक आणि मिळमिळीत त्याहून वाईट. हात आखडता घेतला म्हणावं तर कंजुषीचा आरोप. जिथं मूळ शब्दात मायेनं आवरलेला हात आहे, तिथं माझ्या मराठीत दरवेळी काहीतरी उणं राहायचं.

आत्या 76 वर्षांची आहे. माहेर आणि सासर दोन्ही गुहागरकडचं. आतोबा गेल्यापासून ती आमच्याकडं राहते. तिला मधुमेह आहे. तिचा-माझा करार असा, की गोड काहीही आलं तरी अर्धं तिचं, अर्धं माझं. त्यात ती कधी लबाडी करत नाही. म्हणून आम्ही एकच मोची आइस्क्रीम मागवलं होतं, काळ्या तिळाचं, आणि माझ्यासाठी काकिगोरी, म्हणजे माच्चा ही हिरव्या चहाची पूड घातलेला किसलेला बर्फ.

"दो मिनट रुक के खाना आजी, अभी अंदर से हार्ड है," काउंटरवरची मुलगी म्हणाली. 'आजी' हा तिचा एवढाच मराठी शब्द, पण सुरेख उच्चारलेला. बाविशीतली असेल. मणिपूरची.

आत्यानं दोन मिनिटं थांबायचं कबूल केलं आणि तेवढ्यात चौकशी आरंभली. तिच्या हिंदीतलं व्याकरण मराठीच असतं. "बाळ, हमारा मोदक फ्रीज में रखा तो पत्थर हो जाता है. ये बर्फ में रहके भी नरम कैसा?"

या प्रश्नाचं मला फार कौतुक वाटलं. मोची आइस्क्रीमची सगळी गोष्ट या एका प्रश्नात आहे. तांदळाच्या पिष्टात दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. आपल्या रोजच्या तांदळात अमायलोज साधारण 20 टक्के, कधी त्याहून जास्तही असतं. शिजलेला भात किंवा उकड गार झाली की हे अमायलोज पुन्हा एकमेकांना धरून घट्ट बसतं. आदल्या दिवशीच्या मोदकाची पारी कडक होते ती यामुळं. मोचीचा तांदूळ निराळा. त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच, म्हणून तो शिजला की भात न होता लगदा होतो, ओढला की ताणतो. लाकडी उखळात घालून मोठ्या मोगरीनं त्याला कांडतात. एकजण कांडतो, दुसरा दोन घावांच्या मधल्या क्षणात हात घालून गोळा उलटतो. नववर्षाच्या आधी जपानातल्या अंगणांत हे कांडण चालतं. पण नुसती कांडलेली मोचीही दोनेक दिवसांत विटेसारखी होते. ती मऊ ठेवायची तर पिठात साखर मुरवावी लागते. साखर पाणी धरून ठेवते आणि पिष्टाला एकत्र येऊ देत नाही.

मुलीनं हे सगळं एका शब्दात सांगितलं. "चीनी, आजी. आटे में ही चीनी है."

"म्हणजे साखर सारणात नाही, पारीत," आत्या माझ्याकडं वळून म्हणाली. तिला पटलं होतं.

ही युक्ती थंडगार आइस्क्रीमच्या कामी लावायला मात्र बराच काळ जावा लागला. जपानात लोत्ते कंपनीनं 1981 साली 'युकिमी दाइफुकु' आणलं. युकिमी म्हणजे बर्फ पडताना बघत बसणं. घराबाहेर हिम भुरभुरतंय आणि आत उबेला बसून आपण आइस्क्रीम खातोय, अशी ती कल्पना. दाइफुकु हा सारण भरलेल्या मोचीचा जुना प्रकार, नावाचा अर्थ मोठं भाग्य. अमेरिकेत हेच गोळे घरोघरी पोचवले ते लॉस एंजेलिसच्या फ्रान्सिस हाशिमोतो यांनी, 1990 नंतरच्या दशकात. त्यांच्या घराण्याचं मिकावाया हे दुकान 1910 सालचं. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास माणसांना अमेरिकन सरकारनं छावण्यांत डांबलं. हाशिमोतोबाईंचा जन्मच 1943 साली अॅरिझोनातल्या अशा एका छावणीतला. पुढं त्या शिक्षिका झाल्या, मग नोकरी सोडून घरचं दुकान सांभाळायला आल्या, आणि त्यांच्या यजमानांच्या डोक्यातून मोचीत आइस्क्रीम भरायची कल्पना निघाली. हातात मावणाऱ्या या गोळ्याकडं बघताना मला ती छावणीतली तान्ही मुलगी नेहमी आठवते.

दोन मिनिटं झाली. आत्यानं बांबूच्या सुरीनं गोळ्याचे बरोब्बर दोन भाग केले. आत राखाडी, जवळजवळ पाटीच्या रंगाचं आइस्क्रीम. तिनं तिचा अर्धा भाग आणखी दोनदा कापला, पहिला तुकडा तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. जेवणातलं काही नवं असलं की ती असंच करते. मी वाट बघत राहिले.

"तीळ भाजताना कुणीतरी राखलेत," ती म्हणाली. "जरा पुढं गेले असते तर कडू झाले असते." मग दुसरा तुकडा. मग म्हणाली, "बेताचं गोड आहे. बरं आहे हो."

बेताचं गोड.

मी हातातला चमचा खाली ठेवला. 20 वर्षं जो शब्द शोधत होते तो माझ्या घरातच होता. लहानपणापासून हज्जारदा ऐकलेला: बेताचा स्वयंपाक, बेताचं तेल, बेतानं घे. आणि बेत म्हणजे पुन्हा पंगतीचा बेतही, 'आज काय बेत?' म्हणतो तो. उणेपणाचा लवलेश नाही. कुणीतरी मनाशी काही आखलंय, खाणाऱ्याचा विचार केलाय आणि तिथंच हात थांबवलाय. हिकाएमे म्हणजे हेच. मी तिला फळ्यावरची ओळ दाखवली, अर्थ सांगितला. ती म्हणाली, "मग त्यात काय एवढं? गोड असंच करायचं असतं."

तिच्या घरी होतं ते खरंच तसंच. उकडीच्या मोदकाच्या सारणात गूळ किती घालायचा ते नारळ बघून ठरतं. जून नारळ असेल तर एक प्रमाण, शहाळ्याकडं झुकलेला कोवळा असेल तर दुसरं. खोबऱ्याची स्वतःची गोडी असते आणि गुळानं ती वर आणायची, बुडवायची नाही, असं ती सुनांना सांगते. सांदणात फणसाचा वास आधी आला पाहिजे. घाटल्यात गूळ असूनही नारळाचं दूधच पुढं असतं. कोकणातल्या गरिबीनं ही चव शिकवली असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही असेल. पण साखर परवडू लागल्यावर आपण ते सोडून दिलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. हल्ली लग्नामुंजीत येणारे मिठाईचे खोके उघडते तेव्हा दहा रंगांच्या दहा वड्यांची एकच चव लागते. कोणती काजूची आणि कोणती माव्याची हे डोळे मिटून सांगता येत नाही. जी जिन्नस घातली तीच हरवून गेली, तर ती घालायची कशाला?

जपानी मिठाई बेताची गोड असण्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे चहा. तिथल्या चहाच्या बैठकीत आधी गोड खातात आणि मग कडसर माच्चा पितात. जिभेवर राहिलेल्या गोडाला तो कडवटपणा येऊन मिळतो आणि तेव्हा कुठं घास पुरा होतो. दोन्ही एकमेकांसाठी जागा सोडतात.

माझी काकिगोरी येईपर्यंत आत्या काचेपाशी जाऊन उभी राहिली होती. मुलीनं बर्फाची लादी आधीच बाहेर काढून ठेवली होती. कडा पारदर्शक झाल्यावरच ती किसायची. थेट शीतकपाटातला कडक बर्फ यंत्राला लावला तर त्याचा चुरा होतो. थोडा सैलावला की पातळ पापुद्रे निघतात, सुताराच्या रंध्यातून निघावेत तसे. आपले गोळेवालेही उलटा रंधा ठेवून त्यावरच बर्फ घासायचे. त्या कापसासारख्या ढिगावर मुलीनं हिरवागार पाक ओतला आणि कडेला चमचाभर आझुकी या कडधान्याचं सारण ठेवलं.

ही आवड जुनी आहे. साधारण 1000 सालच्या सुमारास सम्राज्ञीच्या पदरी असलेल्या सेइ शोनागोन या बाईंनी मनाला भावणाऱ्या देखण्या गोष्टींची एक यादी करून ठेवली. त्यात नव्या कोऱ्या धातूच्या वाटीतला, वेलीच्या गोड रसात भिजलेला किसलेला बर्फ आहे. हिवाळ्यातला बर्फ डोंगरात खड्डे खणून, गवताखाली झाकून उन्हाळ्यापर्यंत जपायचे. दरबाराबाहेर कुणाला तो दिसायचाही नाही. सामान्य माणसाच्या वाट्याला बर्फ यायला 19वं शतक उजाडलं, आणि इथं मला एक धागा सापडतो. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या तळ्यांवर कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजानं 1833 साली कोलकात्यात उतरला, आणि लवकरच मुंबईतही. तोच बॉस्टनचा बर्फ पुढं योकोहामाच्या बंदरातही लागत होता. 1869 साली योकोहामात माचिदा फुसाझो यांनी आइस्क्रीम विकायला सुरुवात केली, त्याला ते 'आइसुकुरिन' म्हणायचे. मुंबई आणि योकोहामा या दोन बंदरांनी उन्हाळ्यात एकाच गावची थंडी विकत घेतली होती.

आत्यानं माझ्या वाटीतला एक चमचा हिरवा बर्फ चाखला. "पाल्याचा वास येतो," ती म्हणाली, पण तोंड वाकडं केलं नाही. मी तिला सांगितलं, की हा चहाच आहे. तोडणीआधी तीनेक आठवडे झाडांवर छत घालून ऊन अडवतात, मग पानं जास्त हिरवी होतात, कडूपणा कमी उतरतो. ती पानं वाफवून, वाळवून, शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. एका जात्यातून तासाभरात 40 ग्रॅमच्या आसपासच पूड निघते.

"हळूच फिरवायला हवं," आत्या लगेच म्हणाली. "जातं पळवलं तर पीठ तापतं. तापलं की वास गेला." तिच्या उजव्या मनगटानं नकळत एक फेरा घेतला.

आझुकीचं सारणही तिनं चमच्याच्या टोकावर घेऊन नीट बघितलं. आझुकी म्हणजे बारीक लाल कडधान्य, मूग, उडीद, मटकी आणि चवळी यांचं सख्खं भावंड. शिजवून, घोटून, साखर घालून आटवलं की त्याला 'आन' किंवा 'आंको' म्हणतात. दाणा ठेवला तर त्सुबुआन, साल काढून गाळलं तर कोशिआन. "पुरणयंत्रातून काढलेलं नाही हे, दाणा ठेवलाय," आत्यानं निदान केलं. मला सांगायला काही उरलंच नाही.

मग मी तिला 2008 सालच्या त्या फोनची आठवण दिली. तिला तो आठवत होता.

त्या वर्षी कंपनीनं मला सहा महिन्यांसाठी नागोयाला पाठवलं होतं. एका सुट्टीला मी क्योतोला गेले. गिओन भागात कामेया कियोनागा हे मिठाईचं दुकान आहे, 1617 सालापासूनचं. तिथं 'सेइज्यो कांकिदान' नावाचा पदार्थ मिळतो एवढंच मी ऐकून होते. विकणाऱ्या बाईंनी तो माझ्या हातात ठेवला आणि मी बघतच राहिले. तळून तांबूस झालेली, तोंडाशी कळ्या घालून मिटलेली पुरचुंडी. वर आठ पाकळ्यांचं कमळ. आमच्या घरी संकष्टीला होणारा तळणीचा मोदक! कवच कडक, तिळाच्या तेलात तळलेलं, आत आझुकीचं सारण. आणि वास? वास स्वयंपाकघराचा नव्हताच, देवघराचा होता. त्यात सात सुगंधी द्रव्यं असतात: चंदन, दालचिनी, आणि जपानीत ज्याला र्‍यूनो म्हणतात तो आपला भीमसेनी कापूर. मी तिथूनच आत्याला फोन लावला. नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "आत्या, मोदकात कापूर घालतात का गो?" ती म्हणाली, "कापूर आरतीला. मोदकात वेलची. बरी आहेस ना तू?"

मी अगदी बरी होते. नंतर सावकाशीनं सगळं समजलं. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमध्ये आणि तिथून नारा काळात, म्हणजे 8व्या शतकाच्या सुमारास, जपानात जे पदार्थ पोचले, त्यांतला हा एक. हत्तीचं मस्तक असलेल्या कांगितेन या देवाला तो वाहतात. हा देव म्हणजे आपला विनायकच, तिथं बहुधा आलिंगन दिलेल्या जोडीच्या रूपातला. त्याची मूर्ती सहसा कुणाला दाखवत नाहीत, ती पडद्याआड असते. तोक्योच्या आसाकुसा भागात त्याचं एक मोठं देऊळ आहे, तिथं भाविक पांढरे मुळे वाहतात. कांकिदानात पूर्वी चेस्टनट, पर्सिमॉन, जर्दाळू अशी फळं भरत. आझुकी बरीच नंतर आली.

मला सगळ्यात गुंतवून ठेवतं ते त्या पदार्थाचं नाव. मोदक, म्हणजे मोद देणारा. कांकि म्हणजे आनंद, दान म्हणजे गोळा. 1200 वर्षांपूर्वी कुणीतरी 'मोदक' हा शब्द ऐकला, त्याचा उच्चार उचलून न आणता अर्थ उचलला आणि आपल्या लिपीत बसवला. माझ्याच धंद्यातलं ते माणूस. त्याचं नाव, गाव काही मला ठाऊक नाही. पण कारखान्यात एखाद्या शब्दापाशी अडते तेव्हा त्याची आठवण धीर देते.

"तो इकडून गेला तो गेलाच," आत्या म्हणाली, मोदकाबद्दल. "आणि परत आला तो गारेगार होऊन." वस्तुतः दाइफुकु आणि मोदक यांचं असं थेट नातं नाही. मोचीची वाट तिच्या स्वतःच्या भातखाचरांतून आलेली आहे. मी तसं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दुभाष्यानं प्रत्येक ठिकाणी बोललंच पाहिजे असं नाही.

मुलगी बश्या उचलायला आली तेव्हा आत्यानं तिला विचारलं, "तुम्हारे गांव में चावल कैसा?" आणि ती पोर खुलली. त्यांच्याकडं काळा तांदूळ पिकतो, चाक-हाओ. तोही चिकट, शिजला की जांभळा होतो. सणाला त्याची खीर. मणिपूरच्या या तांदळाला 2020 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे मला माहीत होतं. पण तिची आई रात्रभर तो भिजत घालते आणि खीर ढवळताना कुणालाही मधे बोलू देत नाही, हे तिनं सांगितलं तेव्हा कळलं. मोचीचं पीठ मळायला तिला कुणी फारसं शिकवावं लागलं नाही म्हणाली. पहिल्या दिवशी हात घातला आणि "लगा कि घर का ही है".

आत्यानं तिचा हात हातात घेऊन तळवा उलटा करून बघितला. पोळलेल्या दोन जुन्या खुणा होत्या. "गरम असतानाच मळते," ती मला मराठीत म्हणाली, "खरी आहे."

पैसे देताना मला थोडं जड गेलं, ते कबूल करते. दोन पदार्थांच्या किमतीत आमच्याकडं आठवड्याचा भाजीपाला येतो. पण आझुकी, माच्चा, तो तांदूळ, सगळं समुद्रापलीकडून आणायचं आणि त्यात हात एवढा आवरता ठेवायचा, याची किंमत मला समजते.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आत्यानं मला मंडईत पाठवलं, हळदीची पानं आणायला. श्रावणात ती मिळतात, हातात घेतली तरी बोटांना दिवसभर वास राहतो. पानावर तांदळाचं पीठ पातळ थापायचं, मधे खोबरं-गुळाचं सारण, पान दुमडायचं आणि वाफवायचं. पातोळ्या. जपानात 5 मेला मुलांच्या सणाला ओकच्या पानात मिटलेली मोची खातात, तिचं नाव काशिवामोची. त्या झाडाचं जुनं पान नवा कोंब येईपर्यंत गळत नाही, म्हणून घराण्याचा वेल तुटू नये या इच्छेनं ते पान. मी हे आत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "पान खायचं नाही ना पण?" नाही म्हटलं. "मग ठीक."

सहा पातोळ्या तिनं स्टीलच्या डब्यात भरल्या आणि माझ्याबरोबर दुकानात आली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मुलीनं डबा उघडला, वाफेबरोबर वास वर आला आणि ती क्षणभर काही बोललीच नाही. मग काचेपलीकडून तिनं आम्हाला खूण केली. आत्यानं कोपरापर्यंत हात धुतले, पदर खोचला आणि आत गेली. मी बाहेरच उभी राहिले. तिथं दुभाष्याचं काम नव्हतं.

मुलीनं पांढऱ्या पिठाची एक चकती तिच्या तळहातावर ठेवली. आत्यानं अंगठा मधे धरून पारी केली, आइस्क्रीमचा गोळा ठेवला आणि सवयीनं भराभर कळ्या घातल्या. अकरा कळ्या, मी मोजल्या. पण त्या पिठानं त्या धरल्या नाहीत. एकेक कळी सैलावत शेजारणीत विरघळली आणि बघता बघता गोळा गुळगुळीत झाला. आत्यानं तो उजेडात धरून फिरवून पाहिला.

"हे पीठ कळी धरत नाही गो," ती काचेतून मला म्हणाली. "गोलच राहतं."

डबा चार दिवसांनी परत आला. आत वाटीभर काळे तांदूळ होते, कागदात बांधलेले, गावाहून आलेल्यातले. आत्यानं मूठभर हातात घेतले, वास घेतला, दाणे बोटांतून दोनदा खाली सोडले. रात्री झोपण्याआधी तिनं ते पातेल्यात भिजत घातले, वर झाकण ठेवलं आणि मला बजावलं, "उद्या मी ढवळत असेन तेव्हा मधे बोलायचं नाही."